रस्ता उखडला? माहिती अधिकारात ‘का’ विचारू नका, कागद मागा

नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला की लोक नगरसेवकाच्या नाहीतर सरपंचाच्या नावाने बोटं मोडतात आणि गप्प बसतात. त्यापेक्षा त्या कामाची फाइल मागवा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात अर्ज ‘नमुना अ’मध्ये, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. झालं.

खरी अडचण मजकुराची. माझ्या पहिल्या अर्जात मी विचारलं होतं, ‘रस्ता चार महिन्यांत का खराब झाला? याला जबाबदार कोण?’ उत्तर एका ओळीचं आलं: माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. चिडून अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. मला फार राग आला होता, पण चूक माझीच होती. दप्तरी जी नोंद आहे ती मागण्याचा हक्क हा कायदा देतो. अधिकाऱ्याकडून खुलासा घेण्याचा नाही.

म्हणून ‘का’ आणि ‘कसे’ अर्जातून खोडून टाका. कागदांची नावं लिहा: मंजूर अंदाजपत्रक, ठेकेदाराशी झालेला करार, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराला दिलेली देयकं, या सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. रस्ता कुठून कुठपर्यंत ते सांगा. कालावधीच्या रकान्यात ‘आजपर्यंतची सर्व’ असं कधीही लिहू नका. ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणायला तेवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे पंचवीस प्रश्नांचे तयार अर्ज तर वापरूच नका. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. माहिती कशासाठी हवी हेही सांगू नका. कलम ६(२) प्रमाणे ते कोणी विचारू शकत नाही.

या सगळ्यात मोजमाप पुस्तिका सोडू नका. कार्यालयात तिला ‘एमबी’ म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहिलेली असते आणि बिल त्यावरूनच निघतं. मी ती प्रत आणि टेप घेऊन रस्त्यावर गेलो. पुस्तिकेत रुंदी साडेतीन मीटर होती. जागेवर रस्ता तीन मीटरच्या आतच संपला. त्या दिवसापासून मला कुणाशी हुज्जत घालावी लागली नाही.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘नंतर या, पोच देतो’ म्हणाले तर तिथेच थांबा. प्रतींना पानामागे २ रुपये पडतात. माहिती देण्याची ३० दिवसांची मुदत उलटली तर त्या फुकट द्याव्या लागतात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत ‘नमुना ब’मध्ये २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

कागद हाती आले की करारातला दोषदायित्व कालावधी बघा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. शहरात असाल तर आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना मोजमापासह लेखी द्या. गावात असाल तर विषय ग्रामसभेत मांडा, आणि तो प्रोसिडिंग बुकात लिहून तुम्हाला वाचून दाखवेपर्यंत जागेवरून उठू नका.