बाईकचं वायरिंग शिकताय? पार्ट बदलायच्या आधी मीटर लावा

मी शिकायला लागलो तेव्हा सेल्फ लागत नाही म्हटलं की सरळ बॅटरी बदलायचो. एका गाडीला अशीच नवीन बॅटरी टाकली, आठ दिवसांत गाडी परत, सेल्फ मारला की नुसतं टक टक. ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या काकांनी मीटरची (मल्टिमीटर, व्होल्ट मोजायचं यंत्र) एक वायर बॅटरीच्या मायनस टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावायला सांगितली आणि म्हणाले आता सेल्फ दाब. मीटरवर जवळपास 2 व्होल्ट दिसले. तिथे फार तर 0.2-0.3 यायला पाहिजे, म्हणजे अर्थिंगच्या वायरमध्येच करंट अडत होता. बोल्ट खोलला तर खाली सगळा गंज.

याला व्होल्टेज ड्रॉप बघणं म्हणतात आणि नवीन पोरांनी सगळ्यात आधी हेच शिकावं असं माझं ठाम मत आहे, कारण नुसती कंटिन्युटी (वायर सलग आहे का, हे मीटरच्या बीपवरून) बघितली तर दहातल्या नऊ तारा तुटलेली वायरसुद्धा बीप देते, लोड आला की मात्र फसते.

बाकी आकडे पाठच करा. फुल चार्ज बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट. गाडी चालू करून रेस दिल्यावर 13.8 ते 14.5 च्या आसपास. वाढतच नसेल तर आधी कप्लर (वायरी एकमेकांना जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) जळलाय का बघा, मग कॉइल प्लेट (इंजिनमध्ये वीज तयार करणारी) आणि रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला चालेल अशी करून व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा). 15 च्या वर जात असेल तर बहुतेक वेळा रेक्टिफायर गेलेला असतो, तशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातात.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून 10 अँपिअरच्या जागी 20 चा कधीच टाकू नका, प्लीज, वायर वितळून आग लागू शकते. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला बल्ब) जोडा आणि वायरिंग हलवत जा, शॉर्ट असेल तोवर लॅम्प फुल पेटतो, ज्या जागी हलवल्यावर विझला तिथेच शॉर्ट. हँडल वळतं तिथे आणि सीटखाली वायर जास्त घासते.

फॉल्ट येऊ नये म्हणून काय कराल तर प्रेशरचं पाणी कप्लरवर मारू नका, जास्तीचे लाइट रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज टाकूनच जोडा, नुसती वायर पिळून टेप गुंडाळू नका. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

त्या गाडीचा बोल्ट घासून चकचकीत केला, ड्रॉप 0.1 वर आला. मग बाजूला काढून ठेवलेली जुनी बॅटरी चार्ज करून परत त्याच गाडीला लावली, पहिल्याच सेल्फला चालू झाली.