मूत्रपिंडातील गॅप जंक्शनचा अभ्यास सुरू करताना

मूत्रपिंडातील रक्तप्रवाहावर संशोधन सुरू केले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी तीच आधी सांगते. मॅक्युला डेन्सापासून (मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या भिंतीतला पेशींचा एक पुंजका) अभिवाही धमनिकेपर्यंत (गाळणीकडे रक्त आणणारी बारीक धमनी) संदेश कसा पोहोचतो याची आकृती काढताना मी वाटेतील सगळ्या पेशी गॅप जंक्शनने, म्हणजे शेजारच्या पेशींना थेट जोडणाऱ्या वाहिन्यांनी, जोडून टाकल्या होत्या. मार्गदर्शकांनी मॅक्युला डेन्साच्या तळाशी बोट ठेवून विचारले, "इथलं जंक्शन कुठल्या छायाचित्रात पाहिलंस?" मी ते पाहिले नव्हते, कारण तिथे ते आढळतच नाही.

मॅक्युला डेन्साच्या पेशी नलिकेतील मिठाचे प्रमाण जोखतात आणि ते वाढले की एटीपी हा रेणू बाहेर सोडतात; हा एटीपी आणि त्यापासून तयार होणारे अ‍ॅडेनोसीन मधली फट ओलांडून संदेश पोहोचवतात. जंक्शनचे काम त्यापुढचे आहे. मॅक्युला डेन्सा आणि धमनिका यांच्यामधल्या मेसांजियल पेशींत उठलेली कॅल्शियमची लाट पेशीमागून पेशी ओलांडत धमनिकेच्या स्नायुपेशींपर्यंत जाते, धमनिका आकुंचन पावते आणि ग्लोमेरुलसमधील (रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातील) गाळण कमी होते. म्हणून जंक्शन कुठे आहे याइतकेच ते कुठे नाही हेही नीट पाठ करावे.

एका पेशीतील कनेक्सिन या प्रथिनाच्या सहा रेणूंची अर्धवाहिनी शेजारच्या पेशीतील तशाच अर्धवाहिनीशी जुळली की पूर्ण वाहिनी तयार होते, एवढी रचना आरंभी पुरेशी आहे. त्यानंतर मात्र कनेक्सिन ४० या प्रकारावर भरपूर वेळ द्यावा. हे प्रथिन धमनिकेच्या अंतःस्तरात आणि रेनिन (रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीची सुरुवात करणारे विकर) स्रवणाऱ्या पेशींतही असते. ज्या उंदरांत ते नसते त्यांचा रक्तदाब वाढलेला असूनही रेनिनचा स्राव आवरला जात नाही. एवढेच नव्हे, तर धमनिकेच्या भिंतीत असायला हव्यात त्या रेनिन-पेशी भिंतीबाहेर सापडतात. या विषयातील इतके बोलके निरीक्षण मला दुसरे माहीत नाही.

प्रयोगशाळेत कार्बेनॉक्सोलोन हे गॅप जंक्शनचे रोधक सहज हाती येते; पण मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे विकरही ते रोखते, त्यामुळे केवळ त्याच्या परिणामावरून जंक्शनबद्दल निष्कर्ष काढू नये. प्रतिपिंडाने (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने) रंगवलेल्या ऊतीच्या छेदात कनेक्सिन ४० अंतःस्तराच्या बारीक रेषेवर सुट्या ठिपक्यांसारखे चमकते. कनेक्सिन ४० नसलेल्या उंदराचा छेद त्याच दिवशी, त्याच द्रावणाने रंगवून शेजारी ठेवावा, आणि त्यातही ठिपके दिसले तर ती प्रतिपिंडाची बाटली बाजूला सारावी.