पडणाऱ्या वस्तूचं अंतर काढताना या चुका टाळा

सूत्र तोंडपाठ असतं, तरी मुक्त पतनाचं गणित चुकतं. दहावीच्या मुलांना शिकवताना मी हे दरवर्षी पाहते. सूत्र तर एवढंसं आहे:

अंतर = ½ × 9.8 × वेळ × वेळ

9.8 म्हणजे गुरुत्व त्वरण: पडताना वेग दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंदाने वाढतो. वस्तू नुसती हातातून सोडायची, वेळ सेकंदांत घालायची, अंतर मीटरमध्ये मिळतं. 3 सेकंदांचं उत्तर 44.1 मीटर.

एका वहीत मात्र 216.09 मीटर होतं. हा आकडा आला कुठून ते कळेना, म्हणून मुलाला माझ्यासमोर कॅल्क्युलेटर चालवायला लावला. त्याने 0.5 गुणिले 9.8 गुणिले 3 केलं, 14.7 आले आणि मग वर्गाचं बटण दाबलं. सगळ्याचाच वर्ग झाला! वर्ग फक्त वेळेचा असतो. तो आधी काढून कागदावर लिहा आणि मग 4.9 ने गुणा.

उत्तर बरोबर दुप्पट, म्हणजे 88.2 आलं असेल, तर शेवटच्या वेगाला वेळेने गुणलं आहे. 3 सेकंदांनंतर वेग सेकंदाला 29.4 मीटर असतो हे खरं, पण तो शून्यापासून वाढत तिथे पोचला. सरासरी वेग त्याच्या निम्माच.

प्रश्न नीट वाचा. ‘तीन सेकंदांत’ आणि ‘तिसऱ्या सेकंदात’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तीन सेकंदांत 44.1 मीटर, पण तिसऱ्या सेकंदात 44.1 वजा पहिल्या दोन सेकंदांचे 19.6, म्हणजे 24.5 मीटर. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सेकंदातली अंतरं 4.9, 14.7, 24.5 अशी येतात. हे 1 : 3 : 5 प्रमाण मला फार आवडतं, आणि उत्तर पडताळायलाही ते कामी येतं.

वस्तुमान दिलं असलं तरी ते सूत्रात घालू नका. 1971 मध्ये अपोलो 15 मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदमच खाली आली. तिथे हवा नाही. आपल्याकडे हवा आहे, म्हणून पिसासाठी किंवा पावसाच्या थेंबासाठी हे सूत्र वापरू नये. 1000 मीटरवरून पडणारा थेंब सूत्राप्रमाणे ताशी 500 किलोमीटरने डोक्यात बसला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला साधारण 9 मीटरनेच येतो.

वस्तू वर फेकली असेल तर चिन्हं सांभाळा. गच्चीवरून सेकंदाला 9.8 मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला. वरची दिशा धन धरली, तर 3 सेकंदांनंतरचं विस्थापन (सुटल्या जागेपासूनचं सरळ अंतर, दिशेसह) 9.8 × 3 म्हणजे 29.4, वजा 44.1, म्हणजे उणे 14.7 मीटर. उणे चिन्ह खोडू नका, चेंडू गच्चीच्या खाली आहे एवढंच ते सांगतं. कापलेलं अंतर मात्र 24.5 मीटर, कारण तो आधी 4.9 मीटर वर जाऊन आला.

आता विहीर. खडा टाकून खोली मोजायचा प्रयोग मुलांना मनापासून आवडतो, आणि चुकाही तिथेच जास्त होतात. गावात विहिरीची खोली फुटांत सांगतात, त्यामुळे 2 सेकंदांना ‘19.6 फूट’ असं उत्तर येतं. ते मीटर आहेत. फूट हवे असतील तर 9.8 च्या जागी 32 घ्या, उत्तर 64 फूट येईल.

‘डुबुक’ ऐकून घड्याळ थांबवलं, तर त्या वेळेत आवाज वर यायलाही थोडा वेळ गेलेला असतो. पाणी 20 मीटरवर असेल तर खडा सुमारे 2.02 सेकंदांत पोचतो आणि आवाज 2.08 व्या सेकंदाला कानावर येतो. तेच सूत्रात घातलं की खोली 21.2 मीटर निघते, सव्वा मीटर जास्त. बोटाची दिरंगाई तर याहून महाग पडते: 2 ऐवजी 2.2 सेकंद मोजले तर 19.6 चे 23.7 मीटर होतात. वेळेत दहा टक्के चूक, अंतरात वीसच्या वर.

म्हणून स्टॉपवॉचपेक्षा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. खडा सुटल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ त्यावरून मोजा, पाच वेळा करून सरासरी काढा. खडा फेकू नका, बोटं उघडून सोडा. आणि जी खोली येईल ती पाण्यापर्यंतची, तळापर्यंतची नव्हे.