मागून गाडी ठोकली आणि मार लागला, तर भरपाई कशी मागायची

सिग्नलला उभे आहात किंवा नवले पुलाच्या उतारावर पुढचं ट्रॅफिक थांबलं म्हणून ब्रेक मारलाय, आणि मागून धाडकन कोणीतरी येऊन आदळलं. मग रस्त्यात एकतर भांडण होतं नाहीतर "जाऊ द्या ना दादा, पाच हजार घ्या आणि मिटवून टाका". नुसता बंपर गेला असेल तर मिटवा खुशाल, पण अंगाला काही लागलं असेल तर तिथल्या तिथे पैसे घेऊन कुठल्याही कागदावर सही करू नका. मानेला बसलेला झटका बऱ्याचदा त्या दिवशी जाणवतच नाही, दुसऱ्या दिवशी उठल्यावर मान वळेना, हाताला मुंग्या येतायत, आणि मग एमआरआयच्या खर्चाला ते पाच हजार कुठे पुरणार?

१. जागेवर

पोलिसांना ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, नॅशनल हायवे असेल तर १०३३. गाड्या बाजूला घ्यायच्या आधी, धोका नसेल तर, फोटो काढा. दोन्ही गाड्या एका फ्रेममध्ये, ठोकणाऱ्या गाडीची नंबर प्लेट, रस्त्यावरचे टायरचे व्रण, पडलेल्या काचा, आणि आपले ब्रेकलाइट चालू होते ते दिसेल असा एक व्हिडिओ. डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड काढून खिशात ठेवा, कारण गाडी चालू राहिली की जुनं रेकॉर्डिंग पुसलं जाऊन त्यावर नवीन येतं. पेट्रोल पंपाच्या, सोसायटीच्या सीसीटीव्हीचंही तसंच, म्हणून फुटेज ताब्यात घ्या असा लेखी अर्ज पोलिसांकडे लगेच द्या. ठोकणाऱ्या गाडीचा नंबर एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकला की तिचा इन्शुरन्स चालू आहे का ते कळतं.

२. हॉस्पिटलमध्ये (इथेच निम्म्या केसेस बिघडतात)

घरचे घाबरलेले असतात, कॅज्युअल्टीत विचारलं की कोणीतरी पटकन "गाडीवरून पडले" सांगून टाकतं आणि केसपेपरवर तेच उतरतं. पुढे इन्शुरन्स कंपनीचा वकील तोच कागद काढतो आणि म्हणतो, बघा, धडक झालीच नाही, स्वतःच पडले. म्हणून डॉक्टरांना नीट सांगा की अमुक नंबरच्या गाडीने मागून धडक दिली, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी हॉस्पिटलची नोंद) करून घ्या आणि काय लिहिलंय ते स्वतः वाचा. २०२५ पासून कॅशलेस योजना आहे, त्यात ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार होतात, ते जरूर विचारा. फिजिओथेरपीची, औषधांची, अगदी रिक्षाचीही बिलं एका फाइलमध्ये ठेवा. आणि दुखणं चालू असताना मधेच उपचार सोडू नका, कारण तीन महिने डॉक्टरकडे न गेलेल्या माणसाचं दुखणं कोर्टाला पटवणं फार जड जातं.

३. पोलीस स्टेशन

एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि गाडीची, लायसनची कागदपत्रं, या सगळ्याच्या कॉपी मागून घ्या. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर होते, म्हणजे हद्द नसलेल्या स्टेशनलाही तक्रार नोंदवून ती पुढे पाठवतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि न्यायाधिकरण तो अहवालच अर्ज म्हणून धरू शकतं. पण त्या भरवशावर राहू नका, आपला अर्ज आपण करायचा.

४. दावा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, अपघातापासून ६ महिन्यांच्या आत. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही करता येतो, म्हणजे अपघात खोपोलीला झाला आणि तुम्ही नाशिकचे असाल तर नाशिकला चालतो. ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी तिघांना पार्टी करा. दुसरा रस्ता कलम १६४ चा, त्यात गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करता अडीच लाख मिळतात, पण ते घेतले की १६६ चा दावा संपला, त्यामुळे हाडबीड मोडलं असेल तर घाई नको. ठोकणारी गाडी सापडलीच नाही तर गंभीर दुखापतीला ५० हजार, तेवढंच.

आता मुख्य मुद्दा. मागून ठोकलं म्हणजे शंभर टक्के त्याचीच चूक असं सगळे धरून चालतात. बऱ्याच अंशी खरं आहे, अंतर ठेवणं मागच्याची जबाबदारी, २०१८ मध्ये ट्रकला मागून धडकलेल्या एका कारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १०-१५ फूट अंतर पुरेसं नाही म्हणून दावा नाकारलेला आहे. पण २०२५ ची कोइम्बतूरची केस बघा: हायवेवर कारवाल्याने सिग्नल न देता एकदम ब्रेक मारला, मागचा बाइकवाला विद्यार्थी त्याला धडकून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. कोर्टाने ५० टक्के जबाबदारी पुढच्या कारवर टाकली, ३० टक्के बसवर, २० त्या मुलावर. तेव्हा तुम्ही का थांबलात, दिवे चालू होते का, हे पुराव्यात यायलाच हवं. रिक्षात मागे बसलेल्या पॅसेंजरला ही कटकट नाही, तो दोन्ही गाड्यांकडे मागू शकतो.

५. किती मागायचे

उपचाराचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, पुढचे उपचार आणि कायमचं अपंगत्व. अपंगत्वात दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा धरत नाहीत, तुमच्या कामावर किती परिणाम झाला ते बघतात. समजा वय ३८, महिना ३० हजार, कमाईची क्षमता १० टक्के गेली, तर वर्षाचे ३६ हजार गुणिले १५ (वयाप्रमाणे कोर्टाने ठरवलेला गुणक), म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि भविष्यातली पगारवाढ धरून आणखी. कमाईचा पुरावा म्हणून सॅलरी स्लिप, आयटी रिटर्न, नाहीतर निदान बँकेचं पासबुक तरी लावा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कापता येत नाही, हे मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय, त्यामुळे कोणी तसं म्हणून घाबरवलं तर ऐकू नका.

६. वकील आणि तडजोड

"जे मिळेल त्यातले तीस टक्के माझे" म्हणणारे एजंट हॉस्पिटलच्या दारातच भेटतात. वकिलाने टक्केवारीवर केस घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, फी आधी ठरवून लिहून घ्या. लोकअदालतीत मिटवायचं असेल तर वाईट नाही, पैसे लवकर येतात, पण तिथल्या निकालावर अपील नाही, म्हणून रॉड किंवा प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर त्याच्या खर्चाचं डॉक्टरांचं पत्र आधी फाइलला लावा, सही नंतर.