नगरसेवकपदासाठी उभं राहताय? तयारी वहीपासून करा

महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं पक्कं झालं असेल तर सगळ्यात आधी एक दोनशे पानी वही आणा. फ्लेक्स नंतर. वहीत रकाने आखा: कोण आलं, कुठल्या गल्लीतलं, तक्रार काय, अर्ज कुठल्या खात्याला दिला, आवक क्रमांक किती, काम झालं का. हे मी कळकळीने सांगतो, कारण एका अपक्ष ताईंच्या प्रचारात मी होतो. तुंबलेली चेंबरं, कमी दाबाचं पाणी, बंद पथदिवे यांसाठी त्यांनी चार वर्षं क्षेत्रीय कार्यालयात चपला झिजवल्या होत्या. प्रचारात मात्र तेच चेंबर आपणच दुरुस्त करून घेतल्याचं आणखी तीन उमेदवार सांगत फिरले, आणि ताईंकडे दाखवायला एक पोचही नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वही भरताना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मधलं कलम 63 एकदा शांतपणे वाचा (मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे). पाणी, सांडपाणी, सफाई, दिवाबत्ती ही पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. ऐच्छिक कामं कलम 66 मध्ये येतात. कमानी आणि बाकड्यांच्या आधी 63 मधली कामं तुमच्या वहीत दिसायला हवीत. पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य असताना महात्मा फुल्यांनी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतखर्चाला विरोध केला होता. पैसा आधी कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. म्हणून पालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी काय तरतूद आहे ते शोधून ठेवा, आणि अर्धवट पडलेल्या कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) माहिती अधिकारात मागा. दाखल्यांसाठी खेटे घालणाऱ्यांना लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मधली मुदत सांगा. पुष्कळ जणांना ती माहीतच नसते.

मतदार यादी प्रभागनिहाय जाहीर होताच ती हातात घ्या आणि पेन्सिल घेऊन घरोघर जा. मयत, स्थलांतरित, दुबार, शेजारच्या प्रभागात गेलेली नावं खुणा करून वेगळी काढा. हरकतींची मुदत फार थोडी असते, ती चुकली की पुढे काही करता येत नाही. हेच फिरणं तुमचा पहिला प्रचार. त्यात भाषण नको, लोकांचं ऐकून घ्या आणि वहीत उतरवा.

आता कागदपत्रं. वय 21 पूर्ण आणि त्याच शहराच्या मतदार यादीत नाव, हे मूळ. दोनपेक्षा अधिक अपत्यांची अट वकिलाला विचारून घ्या. राखीव जागा असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्राचं काम आजच सुरू करा, त्याला वेळ लागतो. पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचं प्रमाणपत्र, निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं, सूचक आणि अनुमोदक, पक्षाचे असाल तर वेळेत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचं अधिकृत पत्र. शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण लिहायचं असतं. एकही रकाना कोरा सोडू नका, लिहिण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. छाननीत घात होतो तो अशा कोऱ्या जागांमुळे. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका आणि नियमांची ताजी यादी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातूनच घ्या.

प्रचारपत्रक एकाच कागदाचं पुरे. पुढच्या बाजूला वहीतली झालेली कामं, गल्ली आणि महिन्यासकट. मागे तीन न झालेली कामं आणि ती कुठे अडली आहेत. बहुसदस्यीय प्रभाग असेल, म्हणजे एकाच प्रभागातून अनेक नगरसेवक निवडायचे असतील, तर किती मतं द्यायची आणि आपलं नाव कुठल्या जागेच्या यादीत आहे, हे पदयात्रेत प्रत्येकाला समजावून सांगा. ज्येष्ठांचा इथेच गोंधळ उडतो. प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक प्रतिनिधी आणि एक बदली माणूस ठरवा, त्यांच्या डब्याची सोय करा.

खर्च रोजच्या रोज लिहा, चहाच्या बिलासकट. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करावा लागतो, हरलेल्यांनीसुद्धा. निकालाच्या आठवड्यातच आपले फ्लेक्स उतरवा आणि वहीतल्या अपुऱ्या नोंदींचे अर्ज घेऊन पुन्हा क्षेत्रीय कार्यालयात जा.