स्वतःचे अंधबिंदू कसे शोधायचे

कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे 8 सेंमीवर 5 मिमीचा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघा आणि कागद 30 सेंमीच्या आसपास हळूहळू मागेपुढे करा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो: हाच डोळ्याचा अंधबिंदू. तिथे भोक मात्र दिसत नाही, कारण मेंदू ती जागा कागदाच्या रंगाने भरून टाकतो.

स्वभावातलंही असंच झाकलं जातं. म्हणून नुसत्या आत्मपरीक्षणाने फारसं हाती लागत नाही. बाहेरचं माप लागतं.

पहिलं माप घरातच मिळतं. दहा कामं लिहा: दूध तापवणं, सिलिंडर नोंदवणं, शाळेच्या ग्रुपवर लक्ष ठेवणं, अशी. प्रत्येक कामातला आपला वाटा तुम्ही आणि जोडीदाराने वेगवेगळ्या कागदांवर टक्क्यांत लिहायचा आणि मगच एकेका कामाची बेरीज करायची. ती बहुधा 100च्या वर जाते. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांना 1979मध्ये जोडप्यांच्या अभ्यासात हेच आढळलं. ही निव्वळ बढाई नसते. आपण उपसलेले कष्ट लख्ख आठवतात, दुसऱ्याचे बघितलेलेच नसतात. तफावत सर्वांत मोठी असेल ते काम आठवडाभर अदलाबदल करून करा.

मग माणसं. पाच-सहा पुरेत: एक वरिष्ठ, हाताखालचे दोघं-तिघं, घरातलं एक, आणि ज्याच्याशी खटका उडाला आहे असा एक तरी. (हा शेवटचा सगळे टाळतात.) ‘माझ्यात काय कमी आहे?’ असं विचारलंत तर ‘छे हो, काही नाही’ हेच ऐकाल. ‘गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुमचं काम कुठे अडलं?’ असं विचारा. हाताखालचे तोंडावर बोलणार नाहीत. त्यांच्याकडून निनावी चिठ्ठी घ्या. ऐकताना ‘आणखी काही?’ एवढंच बोलायचं. ‘अहो, पण त्या दिवशी…’ सुरू केलंत की पुढचं उत्तर मिळणार नाही म्हणून समजा. एकाच माणसाने सांगितलेलं बाजूला नोंदवून ठेवा. दोघांनी परस्पर तेच सांगितलं, तर तिथून कामाला लागा.

तिसरं माप म्हणजे निर्णयांची वही. मोठा निर्णय घेताना तारीख, काय होईल असं वाटतं आणि खात्री किती टक्के, हे लिहा. तीन महिन्यांनी ताडून बघा. वही नसेल तर निकाल लागल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला आपण मोकळे. नोंद पेनानेच करा. पेन्सिलीचे टक्के नंतर खोडावेसे वाटतात.