पायाच्या ऑपरेशननंतर सहलीला जाताय? या चुका टाळा

सहलीचा पहिला दिवस बहुतेकदा छान जातो. गडबड दिसते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. पाय बुटात शिरत नाही, टाक्यांभोवतीची कातडी ताणून चकचकीत झालेली असते आणि उरलेली सुट्टी पलंगावर जाते. म्हणून काल चालणं झेपलं की नाही, हे सकाळी उठल्यावर पायाकडे बघून ठरवा. रात्रभर उंच ठेवूनही सूज आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल, तर आज चालणं निम्म्यावर आणा.

"दुखत नाही, म्हणजे चालेल" ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. गोळीने ठणका थांबतो, पण हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, ते लागतातच. पाय टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर रात्री बाथरूमपर्यंतची दोन पावलंही त्यात आली. थोडा भार चालेल म्हणाले असतील, तर किती किलो ते विचारून घ्या आणि निघण्याआधी घरच्या वजनकाट्यावर तो पाय दाबून अंदाज घ्या. नुसत्या मनाच्या अंदाजाने जवळजवळ नेहमीच जास्त भार पडतो.

कुबड्या काखेत रुतवून लटकू नका, हातांना मुंग्या येतात. काख आणि कुबडीत दोन-तीन बोटांची फट हवी, वजन तळहातांवर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. ओल्या फरशीवर झिजलेलं रबर हमखास घसरतं. निघण्यापूर्वीच नवीन बसवा.

माझी स्वतःची चूक वेगळीच होती. ऑपरेशनच्या पायात जाड तळव्याचा बूट आणि दुसऱ्यात पातळ चप्पल. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचा बूट घातल्यावर बरं वाटलं.

खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवणं म्हणजे उंच ठेवणं नव्हे. आडवं व्हा, पोटरीखाली दोन उशा घ्या, पाय छातीच्या वर यायला हवा. दुपारी तासभर हे केलंत की संध्याकाळी बाहेर पडता येतं.

पाण्याचा मोह आवरा. टाके निघाले तरी जखम पूर्ण भरल्याशिवाय तलाव, समुद्र, टब काहीच नको. वाळूत पाऊल कुठेही वळतं, तिथेही थांबा.

याउलट, जपायचं म्हणून दिवसभर पडून राहणं हीही चूकच. डॉक्टरांची हरकत नसेल, तर खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच सेकंद धरा, रबरी पट्टा ओढून खांद्या-दंडांचे व्यायाम करा, दुसऱ्या पायाचा घोटा फिरवत राहा. दम लागेल इतकं बसल्या जागीही करता येतं.

4 तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल, तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी किंवा इंजेक्शन लागेल का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि छातीत दुखून धाप लागली, तर एक मिनिटही न थांबता रुग्णवाहिका बोलवा.